मागच्या दारचा बारमाही फ्लॉक्स

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून लॉगबुक. कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं, एक दिवस चुकवला नाही. रिटायर होऊन दोन महिने झाले, हात शिवशिवतो.

विषय: फ्लॉक्स. बारमाही. सुरभीने पुण्याहून ऑनलाइन बी मागवून दिलं. पोरगी हौशी आहे, बापावर गेली. पाकिटावर गुलाबी फुलांचे झुबके आहेत आणि महिनोन्‌महिने फुलतो असं लिहिलं आहे.

हेतू: बायको, अनिता, ३१ जानेवारीला रिटायर होते. कोलाडच्या पुढे जिल्हा परिषदेची शाळा, तेहतीस वर्षं नोकरी. निरोप समारंभात मी स्वतः वाढवलेल्या फ्लॉक्सचा गुच्छ तिच्या हातात देणार. स्टेजवर, सगळ्यांसमोर. तिला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, तुम्ही येणार, शाळेत? म्हटलं, येणार म्हणजे येणार. तिचा हात जरा थांबला, मग पुन्हा थापायला लागली.

तिच्या एकाही गॅदरिंगला मी गेलेलो नाही. पंधरा ऑगस्टलाही नाही. शिफ्ट असायची. सगळ्याच वेळेला नसायची, हे फक्त इथे. त्या बाकांवर बसून पोरांची नाचगाणी बघायचा कंटाळा यायचा, म्हणून शिफ्ट सांगायचो. आता वाईट वाटतं. भरपाई करायची आहे आणि ती दणक्यात करायची आहे.

३ ऑगस्ट. संध्याकाळी

जागेचा प्रश्न सुटला. मागच्या दारी दहा बाय सहाचा वाफा आहे. तिथे अनिता दर वर्षी वाल टाकते. म्हणाली, मग मी वाल कुठे टाकू? म्हटलं, वाल रोह्याच्या बाजारात ढिगाने मिळतात, फ्लॉक्स मिळतो का? ती म्हणाली, मागतो कोण. वाफा दिला असं मी समजतो.

१० ऑगस्ट, रविवार

कोलाडला जितेशच्या नर्सरीत गेलो. सल्ल्यासाठी नाही, सहज. तो म्हणाला, काका, बारमाही फ्लॉक्स आपल्याकडं होणार नाय. त्याच्या बियाला फुटायलाच महिना-दीड महिना गारठा लागतो आणि आपल्याकडं गारठा हाय कुठं. त्यापेक्षा हंगामी फ्लॉक्स घ्या, नोव्हेंबरात रोपं देतो, जानेवारीत वाफा भरून फुलं.

हंगामी. कंपनीत हंगामी माणसं मी पुष्कळ पाहिली, सहा महिन्यांत पसार. आपल्याला परमनंट पाहिजे. जितेश मुलगा चांगला आहे, पण व्हिजन नाही.

गारठ्याचा विचार परतीच्या वाटेवर, स्कूटरवरच केला. घराजवळच्या वरसे फाट्यापर्यंत उत्तर सापडलं होतं. फ्रिज.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ८.००

बी मोजलं. ८०. ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजमध्ये वरच्या खणात. डब्यावर चिठ्ठी: बॅच १, हात लावू नये. अनिता म्हणाली, तो माझा आमसुलाचा डबा आहे. दुर्लक्ष केलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती झाले. मेहुणा रमेश पेणहून दर वर्षीसारखी मूर्ती घेऊन आला. गर्दीत एक गोष्ट नोंदवायची राहिली. मोदकांचं सारण ठेवायला जागा हवी म्हणून अनिताने बॅच १ फ्रिजबाहेर काढली होती. दोन दिवस डबा गॅसच्या शेगडीशेजारी. बोललो थोडं. सण म्हणून कमी बोललो.

परिणाम होणार नाही. थंड देशांतही मधूनमधून ऊन पडतच असणार.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.३०

पेरणी. पावसाने उघडीप दिली आहे. कमळीने शेताच्या बांधावरून दोन पोती माती-शेणखत आणून वाफ्यात पसरलं. कमळी म्हणजे आमच्याकडे अंगण झाडायला, तण काढायला आठवड्यातून दोनदा येते ती. वाडीवरची. गेली बारा वर्षं येते. तिने विचारलं, दादा, काय टाकताव? म्हटलं, फ्लॉक्स. ती म्हणाली, भाजी का? तिला पंधरा मिनिटं सविस्तर माहिती दिली. म्हणाली, व्हय व्हय, आणि झाडू घेऊन गेली.

रोज सकाळी सहाला उठून निरीक्षण करायचं ठरवलं. कुठल्याही परिस्थितीत खंड नाही.

२४ सप्टेंबर

उठायला साडेआठ झाले. अजून काही उगवलेलंच नाही तर निरीक्षण कसलं करणार?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

उगवलं. सहाला उठलो होतो (तहान लागली म्हणून) आणि मागच्या दारी गेलो तर वाफाभर हिरवे ठिपके. चष्मा आणून मोजले. २१४. बी टाकलं ८०, उगवली २१४. उगवण २६७ टक्के. कंपनीत मी असली यील्ड काढली असती तर जीएम झालो असतो.

अनिताला हाक मारून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. पान तोडून बोटात चुरगळलं, नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, छान आलंय. तेहतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, सहज शाबासकी देत नाही. मला बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाफ्यात तीन रोपं वेगळीच निघाली. गुळगुळीत, निमुळती पानं, समोरासमोर जोड्यांनी. बाकीच्या शेकडो रोपांची पानं मऊ, लव असलेली, कडेला कातरल्यासारखी. कमळीला विचारलं. ती म्हणाली, ही तीन काय ती म्या कधी बघितली नाय. झालं. तिने कधी बघितलं नाही म्हणजे बाहेरून कुठूनतरी आलेलं तण. तिन्ही उपटून टाकली. शुद्धता महत्त्वाची.

मग कमळी उरलेल्या वाफ्याकडे हात करून म्हणाली, पन दादा, ह्यो तं भांबुर्डा हाय, पोपटीचा पाला. आमच्या वाडीवर रग्गड.

मला हसू आलं. पोपटी मला शिकवते. मी तीस वर्षं पोपट्या करतोय. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला ठासायचा, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाला आणायला पोरं जातात, मडकं भरतात बायका, आग रमेशकडे. मी खुर्ची टाकून टायमिंग बघतो. सुपरव्हिजन माझं. आणि भांबुर्डा म्हटलं की त्याचा वास, सगळे म्हणतात, दहा फुटांवरून कळतो. मी पान चुरगळून हुंगलं. वास शून्य. म्हणजे भांबुर्डा नाही, सिद्ध झालं.

अनिता म्हणते माझं नाक कंपनीतल्या वाफांनी कधीच गेलं. गेलेलं नाही. ते निवडक आहे.

कमळी अजून काही सांगत होती, पण अनिताने तिला भांडी घासायला आत बोलावलं. आत दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. बायकांना विषय पुरतात.

१८ ऑक्टोबर

सुरभीने फोनवर एक अॅप टाकून दिलं, पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगतं. तीन फोटो काढले. तिन्ही वेळा भलतंच लॅटिन नाव. अॅपला एक स्टार दिला आणि काढून टाकलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रोपं गुडघ्याच्या खाली चार बोटं. रोज सहाला उठतो. हे मलाही नवल आहे. अनिता शाळेला निघायच्या आधी चहाचा कप मागच्या पायरीवर आणून देते, स्वतःचाही घेऊन बसते. मी तिला रीडिंग सांगतो. ती ऐकते. पूर्वी तिच्या डब्याच्या गडबडीत मी एकतर नाइट करून झोपलेला असायचो, नाहीतर फर्स्ट शिफ्टला निघून गेलेला.

ती काल म्हणाली, शाळेत मुख्याध्यापक विचारत होते, मिस्टर नक्की येणार ना. म्हटलं, त्यांना सांग, लिहून घ्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेळ्या शिरल्या. कुंपणाची काठी मोडली होती, त्यातून चार. अनिताच्या कुंडीतली मिरची खाल्ली, कढीपत्ता बोडका केला, तुळशीलाही तोंड मारलं. फ्लॉक्सकडे गेल्या, हुंगलं, मागे फिरल्या. एका पानाला धक्का नाही. परदेशी माल जनावरालाही कळतो.

अनिता कढीपत्त्याबद्दल बरंच बोलली. मी नोंद घेतली.

१० डिसेंबर, बुधवार

ताप. चौथा दिवस. डॉक्टरांनी अंगणात जायचं नाही म्हणून सांगितलं. निरीक्षणात खंड पडला, पण ती वैद्यकीय रजा.

सकाळी खिडकीतून बघितलं तर अनिता शाळेच्या साडीत, पदर खोचून, झारीने वाफ्याला पाणी घालत होती. मध्येच एकटीच हसली. मग वाफ्याच्या कडेचं गवतही उपटलं. वाल गेले म्हणून पहिल्यांदा फुरंगटली होती, आता तिचाही जीव जडलाय. अंगात ताप असून उठून बसलो.

२५ डिसेंबर, गुरुवार

रमेश पेणहून आला. गेल्या वर्षी शेवंतीचे फोटो पाठवून पाठवून जीव नकोसा केला होता त्याने. म्हणून त्याला चहाच्या आधी मागच्या दारी नेलं. दारातच त्याने दीर्घ श्वास घेतला आणि हसायला लागला. थांबेना. भिंतीला धरून हसत होता. अनिताने आतून हाक मारली, रमेश, इकडे ये आधी. तिची शाळेतली हाक होती ती.

पाच मिनिटांनी बाहेर आला तो गंभीर. म्हणाला, दाजी, मानलं तुमाला, अख्ख्या रायगडात असा वाफा कोणाचा नाय. मग म्हणाला, ३१ तारखेला गुच्छ देऊन झाला की संध्याकाळी पोपटी करू, मी माझं मोठं मडकं घेऊन येतो, पाल्याचं बघू काहीतरी. म्हटलं, पाल्याचं तू बघ, टायमिंग मी बघतो. तो पुन्हा आत गेला. आत दोघं भाऊ-बहीण कशावरून तरी हसत होती. बहुतेक लहानपणचं काहीतरी.

११ जानेवारी २०२६, रविवार

कळ्या. शेंड्यांना बारीक, गोंडेदार. पिवळसर.

पाकिटावर गुलाबी आहेत. उमलताना पिवळे, मग गुलाबी होत असणार. आंबा कसा हिरव्याचा पिवळा होतो, तसंच.

१८ जानेवारी

अजून पिवळे.

२४ जानेवारी, शनिवार

एक आठवडा राहिला. फुलं उमलली आहेत असं म्हणायला हवं. पिवळी, लहान, घट्ट मुठी मिटल्यासारखी. थोडी तर म्हातारी होऊन कापूस सोडायला लागली. दुर्मिळ व्हरायटी आहे हे आता निश्चित. गुलाबी काय सगळ्यांकडे असतो.

खात्री म्हणून कोलाडला जितेशकडे गेलो. त्याच्याकडे हंगामी फ्लॉक्सच्या कुंड्यांची रांग लागली होती. गुलाबी, पांढरे, जांभळे, झुबकेच्या झुबके. हुबेहूब पाकिटावरचं चित्र. म्हणाला, काका, काकूंना दोन कुंड्या घेऊन जा, पैसे नको, त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलंय.

खरं सांगायचं तर हात पुढे गेला होता. पण तिला काय कबूल केलं होतं? स्वतः वाढवलेला. दुसऱ्याच्या कुंडीतला देऊन तिला फसवू? एवढी वर्षं शिफ्टच्या नावाखाली फसवलं तेवढं पुरे. रिकाम्या हाताने परत आलो.

३० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी

शर्टाला इस्त्री झाली. चंदेरी कागद आणि लाल रिबीन रोह्यातून आणली. उद्या साडेनऊला चाळीस देठ कापायचे. कात्रीला धार लावून ठेवली. प्लांट बंद करून चालू करायच्या आधी हत्यारं तपासायचो तशी.

अनिताला विचारलं, फुलं जरा लहान आहेत, चालेल ना? ती साडीला फॉल लावत होती. वर न बघता म्हणाली, तुम्ही या. बाकी चालेल.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी ३.००

लिहायला बसलो आहे, क्रमाने लिहितो.

स्कूटरवरून गुच्छ नेला. वाटेत सिग्नल नाही काही नाही, तरी दोघंतिघं वळून बघत होते. मी मान हलवून नमस्कार केला. शाळेत पताका, खुर्च्या, सरपंच, जुने विद्यार्थी, पोरं जमिनीवर दाटीवाटीने बसलेली. मला पहिल्या रांगेत बसवलं. अनिता खुर्चीवर, गळ्यात हार, डोळे आधीच ओले. मुख्याध्यापकांनी माझं नाव पुकारलं.

स्टेजवर गेलो आणि गुच्छ तिच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तशी पुढे बसलेली दुसरीतली एक पोरगी शेजारणीला म्हणाली, आणि शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं, की बाईंना भांबुर्डा कशाला दिलाय गो, आज पोपटी हाय?

आधी पोरं हसली. मग बाया, मग सरपंच. मुख्याध्यापक तोंडावर रुमाल धरून हसत होते. मागून कोणीतरी विचारलं, कोंबडी कुठाय? मी पण हसलो. सगळे हसत असले की हसायचं असतं. पण मी हसता हसता एकेकाचं तोंड बघत होतो आणि ज्याच्याकडे बघावं त्याचं नाक वर. सगळ्यांना वास येत होता. शेवटच्या रांगेपर्यंत. मला एकट्याला नव्हता.

तेव्हा कळलं. तिच्या आयुष्यातला एवढा एक दिवस आणि तो मी हसण्यावारी घालवला. खाली उतरून सरळ स्कूटरकडे जावं असं वाटलं. निघालोच होतो, अनिताने मनगट धरलं. दुसऱ्या हातात गुच्छ तसाच. माइकजवळ गेली आणि म्हणाली, तेहतीस वर्षांत माझे मिस्टर आज पहिल्यांदा माझ्या शाळेत आले. हे त्यांनी चार महिने पहाटे उठून वाढवलंय. संध्याकाळी सगळ्यांनी आमच्याकडे वरश्याला पोपटीला यायचं. पाला घरचा आहे.

टाळ्या माझ्या वेळेपेक्षा जास्त पडल्या. मनगट तिने भाषण संपेपर्यंत सोडलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.४०

काल माणसं बावीस आली. रमेश दोन मडकी घेऊन आला. वालाच्या शेंगा बाजारातून आणाव्या लागल्या, अनिताने ती पिशवी माझ्यासमोरच ठेवली. कमळीने कोयत्याने अख्खा वाफा दहा मिनिटांत कापला. चार महिन्यांचं काम. माणसं म्हणाली, इतका कोवळा, निवडक पाला उभ्या आयुष्यात मडक्यात गेला नव्हता, शेंगांना काय वास लागलाय. मी दोनदा वाढून घेतलं. चव चांगली असणार.

टायमिंगही रमेशनेच बघितलं. मला कोणी विचारलं नाही.

आज सकाळी सहाला जाग आली. मागच्या पायरीवर बसलो. वाफ्यात नुसते खुंट. अनिता दोन कप घेऊन आली. आता तिलाही कुठे जायचं नव्हतं. मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, दसऱ्याला. पान चुरगळलं तेव्हाच. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही वाफा सोडला असता आणि शाळेचंही काहीतरी निमित्त काढलं असतं. म्हणून कमळीला गप्प केलं, रमेशलाही.

माझ्याने राहवेना. म्हटलं, अनिता, एक सांगायचं आहे. तुझ्या कार्यक्रमांच्या वेळी मी शिफ्ट आहे म्हणून सांगायचो ना, ती प्रत्येक वेळेला नसायची.

ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, माहीत आहे. तुमच्या शिफ्टचा तक्ता एकतीस वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात लटकत होता. तो बघूनच मी तुमचा डबा भरायचे.

कप रिकामे झाले. ती उठली आणि म्हणाली, रमेश दुपारी मडकी न्यायला येणार आहे, घासून ठेवा.

दोन्ही घासली.